अंगणातला कोबा

दोन हजार बावीस साल. मी सत्तर वर्षांचा आणि पोरगी बत्तीसची. मे महिना होता. ती हापिसातून आली, पाय धुतले, जेवायला बसली आणि आमटी-भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, मी खेळणं सोडलं. आज लिहून दिलं."

आमची ही आमटी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. मी ताटावरून मान वर केली नाही. पोरगी वाट बघत होती. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत असणार. मी बोललो. न बोलतो तर बरं झालं असतं.

"मग आता तू कोण?"

एवढंच म्हणालो. तिनं ताटातला भात संपवला, एक शीतही टाकलं नाही. उठली, ताट घासलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. चहा घ्या. किल्ली ठेवलीय. औषध संपलंय. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं मोरीएवढं स्वयंपाकघर. तेवढ्याशा जागेत माणूस पाच महिने कामापुरतं बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मालवणकडून मुंबईला आलो तो चौदाव्या वर्षी, आणि भांडुपला एका ग्रिल बनवणाऱ्याच्या गाळ्यात लागलो. पुढं माझा स्वतःचा गाळा झाला. खिडकीच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत किती गॅलऱ्यांना माझं लोखंड आहे ते मलाही सांगता येणार नाही. पण एवढं सांगतो, माझा वेल्डिंगचा टाका कधी सुटला नाही. कोणी सुटलेला दाखवावा, मी मिशी उतरवतो. पोरगी झाली तेव्हा मी अडतीसचा होतो. उशिरानं झालेलं एकुलतं एक. लोक म्हणाले, मुलगा हवा होता ना? मी म्हटलं, तुझ्या घरी आहे ना मुलगा, काय दिवे लावले त्यानं?

आमचं घर टेकडीवर आहे. खालच्या रस्त्यावरून बेचाळीस पायऱ्या. तेविसाव्या पायरीला वळण आहे, तिथून पुढं चढ एकदम उभा. पण वर आलात की घरापुढं अंगण, आणि भांडुपच्या टेकडीवर अंगण म्हणजे राजवाडा समजा. चार खाटा पडतील एवढं. पूर्वी माती होती, हिनं कडेला तुळस आणि ओव्याचं झाड लावलं होतं.

पोरगी सहावीत असताना म्युनिसिपालटीच्या शाळेत खेळाच्या एक बाई आल्या. उंच, आवाज कंडक्टरसारखा. त्यांनी पोरींना बास्केटबॉल शिकवायला घेतला. मला तो खेळ माहीत नव्हता. एकदा बाई स्वतः बेचाळीस पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, "काका, हिच्या हातात चेंडू टिकतो. शाळेत रिंग एक आणि पोरी पस्तीस. घरी थोडा सराव झाला तर ही लांब जाईल."

मी विचारलं, "रिंग किती उंच?"

"दहा फूट."

"आणि घेर?"

बाई बघतच राहिल्या. असलं त्यांना कोणत्या बापानं विचारलं नसणार. त्यांनी वहीवर लिहून दिलं. चौथ्या दिवशी अंगणात खांब उभा होता. तीन इंची पाईप, अडीच फूट खड्ड्यात, वर पुढं झुकलेली दीड इंची पाइपांची कैची, तिला फळी आणि फळीला रिंग. टेप लावून दहा फूट. सूतभर इकडं तिकडं नाही. पुढं मी तिच्यामागं किती कोर्टांवर गेलो, अंधेरी, बोरिवली, ठाणे, नागपाडा, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा रिंगचा टाका बघितला. अंधेरीला एका कोर्टावर टाका कच्चा होता, तिथल्या माणसाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही प्रेक्षक ना? बसा मग." पोरगी लांबून बघत होती. ती इतकी हसली की बाईंनी तिला शिट्टी मारून गप्प केलं.

तर, रिंग झाली. पण मातीवर चेंडू नीट उडत नव्हता. ढेकूळ आलं की चेंडू कुठंतरी पळायचा, कधी टेकडीवरून खाली थेट रस्त्यावर. बेचाळीस पायऱ्या खाली आणि बेचाळीस वर. म्हणून मी ठरवलं, कोबा करायचा. शेजारी एक गवंडी राहायचा, साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "मुरूम टाक, चोप, पाणी मार. पोरीच्या पायाला मऊ राहील. सिमेंट कशाला?"

मी म्हटलं, "तू भिंती बांध. मला शिकवू नकोस."

कोबा मी स्वतः घातला. नुसता सिमेंट-वाळूचा नाही. गाळ्यातली ग्राइंडरची लोखंडी भुकटी चाळून वरच्या थरात मिसळली. कारखान्याच्या फरशा तशा करतात, त्यावर गाडी चालली तरी ओरखडा उठत नाही. सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं. तुळस डब्यात गेली, ओवा गेला तो गेलाच. आठव्या दिवशी पोरीनं चेंडू आपटला आणि तो सरळ तिच्या छातीपर्यंत वर आला. ती म्हणाली, "बाबा, झकास!" मी गवंड्याच्या दाराकडं बघून मिशीवर हात फिरवला.

त्या कोब्यावर ती अकरा वर्षं खेळली. पहाटे शाळेच्या आधी, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. धड, धड, धड. शेजारपाजारचे ओरडायचे. मी त्यांच्यावर ओरडायचो. उडी मारून चेंडू टाकायचा एक प्रकार आहे, तो ती शंभरदा करायची. शंभर उड्या त्या कोब्यावर, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट. मी ओट्यावर बसून मोजायचो. नव्वदला थांबली तर म्हणायचो, "दहा राहिल्या." ती म्हणायची, "बाबा, पाय दुखतायत." मी म्हणायचो, "उद्या पण दुखतील. दहा मार."

हे मी आता लिहितोय. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. मीही तसाच शिकलो होतो. गाळ्यातल्या उस्तादानं कधी म्हटलं नाही की वेल्डिंगनं डोळे जळतायत तर थांब.

ती लांब गेली, बाई म्हणाल्या तशी. आधी जिल्हा, मग राज्य. तिचा नंबर सात. संघातली सगळ्यात बुटकी. पण चेंडू तिच्याकडं आला की बाकीच्या पोरी कुठं धावायचं ते तिच्या डोळ्याकडं बघून ठरवायच्या. हे मला कळायला सहा वर्षं गेली. आधी मला वाटायचं, ही स्वतः का टाकत नाही, दुसरीला का देते? एकदा चिडून म्हटलंही. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही गेटला बिजागरी लावता ना? गेट दिसतं, बिजागरी कुणाला दिसते? मी बिजागरी." बिजागरी मला कळते.

एकविसाव्या वर्षी खेळाच्या जोरावर तिला मोठ्या हापिसात नोकरी लागली. अर्धा दिवस टेबल, अर्धा दिवस सराव. हापिसाच्या संघातून ती देशभर फिरली. पेपरात एकदा फोटो आला, त्यात तिचा फक्त हात आणि अर्धं तोंड. तेवढं कापून मी गाळ्यात लावलं. गिऱ्हाईक विचारायचं, हे कोण? मी सांगायचो. नाही विचारलं तरी सांगायचो. पण तिला कधी "छान खेळलीस" म्हटलं नाही. तोंडातून येतच नाही. मॅच झाली की विचारायचो, "पाणी प्यालीस का?" तिनं तेच समजून घ्यायचं.

लग्नाचं विचाराल तर दोन स्थळं आली. एकानं विचारलं, लग्नानंतर चड्डी घालून खेळणार का? मी त्याला चहा संपवू दिला नाही. दुसऱ्याला पोरगीच नको म्हणाली. पुढं कुणी आलं नाही, आणि आम्हीही कुणाच्या दारी गेलो नाही. आमच्या हिला त्याचा त्रास झाला. अजून होतो.

अठ्ठाविसाव्या वर्षी घाटकोपरला एका मॅचमध्ये ती उडी मारून खाली आली आणि उठलीच नाही. उजवा गुडघा. आवाज आला म्हणतात, मला नाही ऐकू आला. मी समोर उभा होतो. ती जमिनीवर पडून वर रिंगकडं बघत होती, रडत नव्हती.

ऑपरेशन झालं. त्याआधी डॉक्टरनं फोटो दिव्यावर लावून आम्हाला दाखवला. तरुण माणूस, बोलणं सभ्य. म्हणाला, तुटलेलं आहे ते मी जोडीन. पण आतली गादी झिजलीय, दोन्ही गुडघ्यांची. या वयात इतकी? मग त्यानं विचारलं, "लहानपणी सराव कुठं करायचात? कशावर?"

पोरगी माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याआधी बोललो.

"मातीवर. मैदानातल्या मातीवर."

डॉक्टरनं लिहून घेतलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला कधी पत्रा पातळ दिला नाही, आणि त्या खुर्चीत बसून एका शब्दात खोटं बोललो. का बोललो? त्या गवंड्याचं तोंड समोर आलं म्हणून. तो तर तोपर्यंत वारलाही होता.

ती परत खेळली. चार वर्षं. बहुतेक बाकावर बसून. शेवटी शेवटी तिला दोन-चार मिनिटांसाठी आत घ्यायचे, तेव्हाही ती गुडघ्याला पट्टा आवळून जायची. आणि मी म्हणायचो, "जोर कमी पडतोय, सकाळी उठत जा." कोब्याचं नाव मी काढलं नाही. तिनंही काढलं नाही. मग तो मे महिना आला, आणि मी विचारलं ते विचारलं.

खेळ सुटल्यावर तिचं काय झालं ते सांगतो. हापिसात तिला पूर्ण दिवस टेबल मिळालं. तिच्याबरोबर लागलेल्या बायका तोपर्यंत कामात मुरलेल्या. पोरीला अकरा वर्षांनी फायली नव्यानं शिकायच्या होत्या, तेही तिच्याहून लहान पोरींकडून. ती घरी येऊन आईला सांगायची, मला ओट्यावर ऐकू यायचं. "त्या म्हणतात, ताई तुम्ही खेळाडू ना, तुम्हाला कसं येणार." टेकडीवरचे लोक आधी विचारायचे, पुढची मॅच कधी? आता विचारायचे, वजन वाढलं का गं? शाळेच्या जुन्या बाई येऊन म्हणाल्या, पोरींना शिकवायला ये, शनिवारी ये. ती दोन शनिवार गेली. तिसऱ्या शनिवारी गेली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, "उडी कशी मारायची ते पोरींना तोंडानं नाही सांगता येत, आई. करून दाखवायला लागतं."

अंगणातल्या खांबाला बायका दोरी बांधून कपडे वाळत घालायला लागल्या. मी ती दोरी कापली. दुसऱ्या दिवशी परत बांधली, परत कापली. भांडण झालं. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काका, आता कोण खेळतंय त्याच्यावर?" मी म्हटलं, "खेळेल."

आणि पायऱ्या. आमच्या हिनं ऑपरेशनपासून माझ्यामागं धोशा लावला होता, "धरूक कायतरी लावा त्या पायऱ्यांक. जगाचे कठडे केलात, घराक एक नाय?"

मी म्हणायचो, "कठडा म्हाताऱ्यांना लागतो. ती खेळाडू आहे."

"खेळाडू काय पडनत नाय?"

कठडा लावायचा म्हणजे अख्ख्या टेकडीला सांगायचं की पोरीचा पाय गेला. ते मला करायचं नव्हतं. पोरगी एका बाजूच्या भिंतीला तळवा लावून चढायची. त्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला काळपट पट्टा पडला होता. मला तो दिसायचा. मी रंगवून टाकीन असं मनात म्हणायचो.

असा दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारं पुजतात. गाळा होता तेव्हा गाळ्यात, विकल्यापासून घरात. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, हातोडे, छिन्न्या, टेप, गुण्या, सगळं पुसून तेल लावून पाटावर. हळद, कुंकू, झेंडू. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांचा. ह्या बाबतीत मी फार कडक. एकदा हिनं पुजलेल्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली तर मी त्या दुधाचा चहा प्यालो नव्हतो. पोरगी बारा वर्षांची झाल्यापासून तिचा चेंडू आणि बूटही त्याच पाटावर. दसऱ्याला सराव बंद. ती लहानपणी चेंडूजवळ बसून राहायची, हात मागं बांधून.

त्या सकाळी ती खाली झेंडू आणायला गेली होती. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. तिथून पायऱ्या दिसतात. ती पिशवी घेऊन वळणापर्यंत आली, तेविसाव्या पायरीपर्यंत. वरून एक शेजारीण उतरत होती. तिला बघून पोरगी पायरीवर वाकली आणि बुटाची नाडी बांधतात तसं करायला लागली. शेजारीण बाजूनं निघून गेली. पोरगी तशीच वाकलेली, गुडघा दोन्ही हातांनी धरून.

तिच्या पायात चपला होत्या. चपलेला कुठली नाडी?

मी आत गेलो. ते बघितलंच नाही असं स्वतःला सांगितलं आणि पाट मांडला. हत्यारं ठेवली. पेटीतून तिचे शेवटचे बूट काढले, पुसले, चेंडूत पंपानं हवा भरली, आणि मशीनच्या बाजूला नेहमीच्या जागी ठेवले. ती वर आली. घामानं भिजलेली. पाटाकडं बघितलं.

"बाबा, ते उचला."

"पूजा आहे."

"ते माझं हत्यार नाही आता."

"मग काय आहे तुझं हत्यार? ते टेबल? ते आणू का इथं उचलून?"

आमची ही म्हणाली, "सणाचा दिवस आसा, गप बसा दोघांय."

पोरगी खाली बसली. खाली म्हणजे स्टुलावर, तिला पाटावर बसता येत नाही. सलवार वर केली आणि उजव्या गुडघ्यावरचा पट्टा काढला. काळा, जाड, दोन्ही बाजूंनी आत पोलादी पट्ट्या असलेला. तो तिनं बूट बाजूला सारून पाटावर ठेवला.

"पुजायचंच असेल तर हे पुजा. हे रोज कामाला येतं."

मी तिथून उठलो. हळदीचं बोट तसंच घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. आत वळून बघितलं तर आमची ही मशीनला कुंकू लावत होती, मग ग्राइंडरला, मग हातोड्याला. आणि मग तिनं त्या पट्ट्यालाही कुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला आणि हात जोडले. पोरीनंही जोडले.

दुपारी चारला पोरगी नवी साडी नेसून सोनं वाटायला निघाली. आपट्याची पानं घेऊन ती दर वर्षी खालच्या रस्त्यापलीकडं शाळेच्या बाईंकडं जाते. आईनं विचारलं, "पट्टो?"

"पुजलाय ना. हात कसा लावायचा?"

माझ्याकडं बघितलं नाही. पण ते वाक्य माझ्यासाठी होतं. मी म्हणायला हवं होतं, घाल गं बाई, देव काही म्हणत नाही. माझ्या जिभेवर होतं. पण पन्नास वर्षं जो नियम मी पाळला आणि सगळ्यांकडून पाळून घेतला, तो मीच कसा मोडू? ती भिंत धरून उतरली.

सहा वाजले. सात वाजत आले. हिनं फोन करून विचारलं, तर बाईंच्या घरून निघून तिला तासभर झाला होता. मी चपला घातल्या.

ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत वर, गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. पोरं बाजूनं उड्या मारत वर-खाली करत होती, "ताई, सोनं घ्या" म्हणून तिच्या ओंजळीत पानं टाकत होती. ती हसून घेत होती. मला बघितल्यावर हसणं थांबलं.

"चढता येत नाहीये," ती म्हणाली. सकाळचं भांडण सोडलं तर मे महिन्यानंतर माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी खाली वाकलो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सत्तर वर्षांचा खांदा, पण लोखंड उचललेला. एक पायरी. डावा पाय वर, मग उजवा ओढायचा. दुसरी पायरी. माझं डोकं तिच्या कानाशी. दहाव्या पायरीवर मला दम लागला, आम्ही थांबलो.

मी म्हणालो, "डॉक्टरला मी खोटं सांगितलं होतं. मातीचं."

"माहितीय."

"मग तू का बोलली नाहीस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यासमोर मान खाली घातली असती. तुमची मान खाली गेलेली मी कधी बघितली नाही, बाबा. मला बघायचीच नव्हती."

"कोबा मी घातला. त्या गवंड्यानं सांगितलं होतं मुरूम टाक म्हणून."

"आणि शंभर उड्या?"

"त्याही मीच."

"नाही," ती म्हणाली. "उड्या माझ्या. त्या तुम्ही घेऊ नका. चढा आता."

आम्ही चढलो. तेविसाव्या पायरीच्या वळणावर ती परत थांबली. सकाळी वाकली होती तीच जागा. तिचा हात माझ्या खांद्यावर दाबला गेला, दुखत असणार. मग ती एकदम म्हणाली, "तुम्ही मला विचारलंत, मी कोण. पाच महिने मी रोज इथं थांबते आणि विचार करते. मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडं आहे?"

माझी मान खाली गेली. तिनं ती बघितली असणार, कारण ती म्हणाली, "राहू द्या. चला."

उरलेल्या एकोणीस पायऱ्या आम्ही तशाच चढलो. वर हिनं बादलीत मिठाचं गरम पाणी करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सहा वाजता उठलो, अंघोळ केली, हत्यारांवरचे झेंडू काढून तुळशीत टाकले. पाटावरचा पट्टा उचलून पोरीच्या उशाशी ठेवला. मग ग्राइंडर घेतला, अंगणात गेलो आणि रिंगचा खांब कोब्यापासून वीतभर वर कापला.

केवढा तरी आवाज झाला. समोरच्या दारातून दोरीवाली शेजारीण बाहेर आली. "काका, सकाळी सकाळी काय लावलंय?" मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, "पायऱ्यांना कठडा करतोय. माझ्या पोरीला. तिचा गुडघा गेलाय. माझ्या कोब्यानं गेला." ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

खांबाचा पाईप तीन इंची, तो हातात मावत नाही. त्याचे तुकडे करून खाली पायांना घेतले. कैचीचे पाईप दीड इंची, ते वरून हाताला. हिशोब केला, सगळ्या पायऱ्यांना पुरणार नव्हतं. म्हणून वळणापासून सुरुवात केली, तेविसाव्या पायरीपासून वर, जिथं चढ उभा आहे. आठ वाजेपर्यंत पहिल्या पाच पायऱ्यांचा कठडा जोडून झाला. एकेक टाका तोंडाजवळ जाऊन बघितला.

साडेआठला ती पर्स घेऊन उतरायला लागली. पट्टा लावलेला होता. अंगणातल्या खांबाच्या बुंध्याकडं तिनं बघितलं, ओट्याला टेकवलेल्या रिंगकडं बघितलं, आणि भिंतीला तळवा लावत वळणाजवळ आली. कठड्याला हात घालणार तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. गरम आहे."

"पाणी मारा ना."

"ताज्या टाक्यावर पाणी मारत नाहीत. सांधा ठिसूळ होतो. आपोआप निवायला लागतो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

तिनं घड्याळ बघितलं. मग पर्स पायरीवर ठेवली आणि पाय पुढं लांब करून बसली. मी ग्राइंडर बाजूला ठेवला आणि तिच्या वरच्या पायरीवर बसलो.